विसण

१

आमच्याकडे अंघोळीचं पाणी काढायची रीत आहे. आधी बादलीत कढत पाणी घ्यायचं, मग त्यात सोसेल इतकं गार ओतायचं. या वरून घालायच्या गार पाण्याला विसण म्हणतात. उलटं करायचं नाही. आधी गार आणि वरून कढत, असं पाणी फक्त मढ्यासाठी काढतात. लग्न होऊन यवतमाळात आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझ्याकडून चूक झाली होती. सासूबाईंनी भरलेली बादली पायाने उलटी केली आणि म्हणाल्या, "नवरा जिवंत आहे ना तुझा?" त्या दिवसापासून माझा हात कधी चुकला नाही.

गीझर आला तेव्हा पंचाईत झाली. नळ सोडला की आधी पाइपात साचलेलं गारच येतं. मग मी शिस्त लावून घेतली. ते पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं आणि आवाज बदलला की बादली खाली सरकवायची. आवाज बदलतो, खरंच. गार पाणी टणटणीत पडतं, कढत पाणी जरा बसक्या आवाजात पडतं. स्टीलची बादली असली तर मला पाठ करूनही कळतं.

मी सुचित्रा. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टेबल सांभाळलं आणि माझ्या टेबलावरून कधी कागद हरवला नाही. आमचे हे, मधुसूदन, तहसिलीतून निवृत्त झाले आणि आठव्या महिन्यात अर्धांगवायूने आडवे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले फक्त डोळे. डॉक्टरांना विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, सहा महिने म्हणा, सहा वर्षं म्हणा. याला काय उत्तर म्हणतात? कचेरीत असं उत्तर दिलं असतं तर मेमो आला असता.

तर त्याला तीन वर्षं झाली. रोज सहाला उठायचं, बाथरूम गरम करून ठेवायचं. सातला रामीबाई येते. लोहाऱ्यापलीकडच्या तांड्यावरची बाई, हाडाची मजबूत. आम्ही दोघी ह्यांना चाकाच्या खुर्चीवरून बाथरूमच्या दाराशी आणतो, दाराला लागून ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसवतो. मग ती मागच्या अंगणात भांड्यांना जाते आणि मी अंघोळ घालते. तीन वर्षं, एक दिवस खाडा नाही. लोक म्हणतात, काय सेवा करते हो! करते. पण सेवा करताना माणूस मनात काय बोलतो ते लोकांना ऐकू येत नाही, हे बरं आहे.

२

डिसेंबरात थंडी वाढली आणि गीझर कुरकुर करायला लागला. गॅसवर चालणारा, नऊ वर्षांचा. नळ सोडला की टक टक टक करून भप्प पेटायचा, तो आता दहादा टकटक करून मोठ्याने भडका मारायचा. वरच्या फरशीवर काजळी धरली होती. मी राजकुमारला बोलावलं. गीझरच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि तोंडाचाही.

त्याने झाकण काढलं, नळ सोडला आणि आत बघत राहिला.

"काकू, ज्योत पाहा. कोणत्या रंगाची दिसते?"

"पिवळी."

"निळी पाहिजे. निळी असली तं समजा तब्येत ठणठणीत. पिवळी मारून राह्यली म्हणजे ह्याचं झालं. आठ वर्षं, लय तं लय दहा, एवढंच आयुष्य असते ह्याचं. काजळी धरली, आवाज बदलला, पाण्याले गंज आला, का काढून टाकाचा. दुरुस्तीच्या नादी लागाचं नाही."

"चालतो आहे ना अजून?"

"चालते. पण पिवळ्या ज्योतीतून निघते तो गॅस बेकार असते काकू. वास नाही, काही नाही. मानूस बसल्या जागी झोपी जाते, उठतच नाही." त्याची नजर झरोक्याकडे गेली. ह्यांना वारा लागू नये म्हणून मी तिथे पुठ्ठा कोंबला होता. त्याने तो स्वतःच उपसून काढला. "हे पहिले काढा. अन् गीझर बदला. सांगा, उद्याच नवा बसवून देतो."

हे खुर्चीवर दारातच बसले होते. अंघोळ व्हायची होती. मी त्यांच्यासमोर म्हणाले, "चालतं आहे तोवर चालवायचं. आता मध्येच नवीन काही आणत नाही मी. नंतर एकदाच काय ते सगळं बदलू."

राजकुमारला 'नंतर' म्हणजे कधी ते लगेच समजलं. त्याने मान खाली घातली आणि पान्हे पिशवीत भरायला लागला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते ज्योतीकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. खोटं कशाला बोलू, कळलं असेल असंही वाटलं, आणि कळू दे असंही वाटलं.

३

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी सहाला मी बाथरूमचा दिवा लावला, तर बादली नळाखाली होती आणि अर्धी भरलेली होती. मी बोट बुडवून पाहिलं. गार, बर्फासारखं.

आमच्या घरात रात्री बादली भरून ठेवत नाहीत. रिकामी करून उपडी घालतात. ती मी स्वतः घातली होती. बरं, नळ घट्ट बंद, फरशी कोरडी ठणठणीत. मी बादली मोरीत ओतली आणि रामीबाईची वाट बघत बसले. ती आल्या आल्या तिच्यावर तोफ डागली.

"काल जाताना बादली भरून ठेवलीस का गं?"

"मी कायले भरू बाई?"

"मग कोण भरेल? साहेब उठून भरतील?"

"ए याडी!" तिने आईच्या नावाने कपाळाला हात लावला. "मी तं सातले येतो. चावी तुमच्यापाशी. काहून मायावर आळ घेता?" मग जरा थांबून तिने विचारलं, "गार होतं का पानी?"

"हो."

"अन् तुमी त्याच्यातच गरम घेतलं?"

"मी काय वेडी आहे? ओतून दिलं."

"हां," ती म्हणाली. "ओतूनच देत जा." आणि पदर खोचून ह्यांच्या खाटेकडे गेली. त्यांच्यातही ही रीत आहे की काय, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बादली पुन्हा अर्धी. तिसऱ्या दिवशीही. पाणी रोज एकाच खुणेपर्यंत, बादलीच्या पोटाला एक पोचा आहे तिथपर्यंत. त्यात वरून कढत घातलं की बरोबर एका माणसाची अंघोळ होते.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पाणी येतं म्हणजे कुठून तरी येतं. नळाचा वायसर गेला असेल, रात्रभर ठिबकून बादली भरत असेल. पण मग उपडी घातलेली बादली उताणी कोण करतं? तर मीच करत असेन. साठी उलटलेल्या बायका झोपेत काय काय करतात. राजकुमारला बोलावून नळच नवा बसवला. तो हसला, "गीझर सोडून नळ बदलून राह्यले काकू तुमी!" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

सकाळी बादली पोच्यापर्यंत भरलेली.

मग मी त्या रात्री बाथरूमला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवून झोपले. सकाळी साडेपाचलाच उठले आणि ह्यांच्या खाटेशी खुर्ची टाकून बसले. हे जागेच होते. त्यांचा डावा हात मी धरून ठेवला होता. माया म्हणून नाही. तो एक हात जरासा हलतो, म्हणून.

सहाला दोन-तीन मिनिटं कमी असतील. बाथरूममधून बादलीचा आवाज आला. फरशीवर बूड घासत सरकवतात तसा. मग नळ. रिकाम्या बादलीत पाणी टणटणीत पडायला लागलं. भरत आली तसा आवाज वर चढत गेला आणि एका जागी थांबला. नळाची चावी पिळून बंद केल्याची कुरकूरही ऐकली मी. हे माझ्या समोर, त्यांचा हात माझ्या हातात. म्हणजे ते नव्हते. मी बसलेली, म्हणजे मीही नव्हते. कुलूप तसंच.

ह्यांचे डोळे माझ्यावर होते. मी घाबरले का ते पाहत होते.

मी कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. नळाच्या तोंडाशी एक थेंबसुद्धा नाही. फक्त बादलीतलं पाणी अजून हेलकावत होतं, आत्ता कोणी हात काढून घेतल्यासारखं. मी कडी धरली आणि सगळं मोरीत ओतलं. मोरी गटगट आवाज करत ते प्याली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

५

संध्याकाळी पुण्याहून क्षितिजचा फोन आला. मुलगा आमचा एकुलता एक. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. फोन मी स्पीकरवर ठेवते, पोळ्या लाटता लाटता बोलता येतं. ह्यांची खाट स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच आहे.

"आई, कसं चाललंय?"

"चाललंय."

"बाबांचं काय... काही फरक?"

"काय फरक पडणार? आहे तसंच आहे."

"अगं, भैरवीने तुझी खोली रंगवून घेतली. निंबोणी रंग दिलाय. पूर्वेची खिडकी आहे, गॅलरीत तुळस ठेवायला जागा आहे. म्हणजे, आपली तयारी असावी म्हणून. घाई काही नाही."

मागून भैरवी म्हणाली, "आई, या हो लवकर!" आणि मग तिचं तिलाच कळून ती गप्प झाली. माझी सून मनाने वाईट नाही. तिच्या तोंडून ते निसटलं, एवढंच. मी मात्र तीन वर्षं तेच वाक्य रोज मनात यमाला म्हणत होते, अक्षरही न बदलता.

फोन ठेवल्यावर मी तव्यावरची पोळी जळू दिली. मला निंबोणी रंग दिसत होता. पूर्वेची खिडकी, कोणाचा ओला पंचा पिळायचा नाही, कोणाच्या तोंडाची लाळ पुसायची नाही. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पाण्याला मी कशाला घाबरते? ते माझ्यासाठी कुठे काढलेलं असतं? पहिली अंघोळ ह्यांची असते. ज्याचं पाणी काढलं, त्याचं बोलावणं. कोणीतरी रोज सकाळी माझं काम अर्धं करून ठेवतंय आणि मीच मेली रोज ते ओतून देतेय. सेवा सेवा म्हणतात ती हीच काय? रोज बादली ओतून मी त्यांना अडवून धरलं होतं.

हवं होतं मला ते. कोणाला सांगणार नव्हते, पण इथे सांगते. मला ते हवंच होतं.

६

दुसऱ्या दिवशी बादली भरलेली होती. मी ती ओतली नाही.

झरोक्यात पुठ्ठा परत बसवला. थंडी होतीच, यवतमाळात पौषात पहाटे बोटं आखडतात. म्हणजे कारण होतं माझ्याकडे. सातला रामीबाई आली, ह्यांना स्टुलावर बसवलं. तिने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, हे पानी..."

"तू भांड्याला जा."

"ओतून देता ना?"

"जा म्हटलं ना!"

ती गेली. मी दार लावून आतून कडी घातली. मग गीझरचा नळ थेट त्या गार पाण्यावर सोडला. टक टक टक टक, आणि भप्प. पिवळी ज्योत काचेच्या भोकातून लकलकत होती. पाणी पाण्यावर पडताना आवाज बसका झाला. माझ्या पाठीतून एक शिरशिरी गेली, सासूबाई मागे उभ्या असाव्यात तशी. मी मागे वळले नाही.

"अहो, चला," मी म्हणाले. "आज चांगली शेकून अंघोळ घालते."

मी पहिला तांब्या त्यांच्या खांद्यावर ओतला. मग दुसरा. नळ चालूच ठेवला. वाफ भरली, आरसा गेला, झरोका गेला. मी सावकाश साबण लावला, पाठ घासली, बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या. तीन वर्षांत इतक्या निगुतीने अंघोळ घातली नव्हती. ह्यांचे डोळे मिटतात का, एवढंच मी पाहत होते. ते मिटत नव्हते. मला मात्र कपाळात ठणका लागला. पायांत कापूस भरल्यासारखं झालं. मी म्हटलं, रक्तदाब असेल. सकाळची गोळी राहिली.

मग मी पाहिलं, हे माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे, नळाकडे बघत होते. आणि त्यांचा चेहरा, ओढला गेलेला तो उजवा भागसुद्धा, ओळखीचं कोणी भेटल्यासारखा सैल झाला होता.

"बरं," ते म्हणाले.

तीन वर्षांत पहिला शब्द. स्पष्ट. आणि मला उद्देशून नव्हता.

माझ्या हातातून तांब्या सुटला. गुडघे वाकले. पडता पडता मी वळले आणि बादलीपाशी मला पाठ दिसली. उकिडवी बसलेली, पदर कमरेला खोचलेला, बाही कोपरापर्यंत वर सारलेली. मढ्याला अंघोळ घालायला बायका बसतात, तशी. हात पाण्यात घालून ती पाणी सोसवतं का ते पाहत होती. मग ती माझ्याकडे वळायला लागली. पूर्ण वळायच्या आत माझं डोकं फरशीवर आपटलं.

७

मेले नाही मी. मेले असते तर सुटले असते.

रामीबाई सांगते, तांब्याचा आवाज ऐकून ती धावत आली, तर दार आतून उघडलं. साहेबांनीच कडी काढली. चौकटीला धरून उभे होते, उजव्या हाताने. मी मागे पालथी. गॅस माझ्या डोक्यात गेला, डॉक्टर म्हणाले. बराच वेळ मेंदूला हवा मिळाली नाही. आता हात हलत नाही, पाय हलत नाही, जीभ टाळूला चिकटलेली. राहिले फक्त डोळे. आणि कान.

राजकुमारने सगळं समजावून सांगितलं सगळ्यांना. काकू उभ्या होत्या, नाक थेट गीझरपाशी. काका खाली बसले होते, दाराच्या फटीतून त्यांना हवा लागत होती. "मी काकूले सांगतलं होतं, बदला म्हणून," तो म्हणाला आणि खरोखर रडला. पण काका उठले कसे, हे त्यालाही सांगता आलं नाही. लोक चमत्कार म्हणतात. पेढे वाटले गल्लीत. हे आता काठी घेऊन सबंध घरभर फिरतात. बोलतात. नवा गीझर आणला, विजेचा, ज्योत नाही, टकटक नाही. नव्या खुर्च्या आणल्या, पडदे आणले. एकदाच सगळं बदललं.

रामीबाई एकटी असताना एकदा माझ्या कानाशी लागली. "बाई, त्या दिवशी आत तिसरं कोन होतं? साहेब कोनासंग बोलून राह्यलते?" मी तिच्याकडे बघत राहिले. दुसरं काय करणार? "मी तुमाले म्हनलं होतं, ओतून देत जा," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

मला अंघोळ हेच घालतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. सहाच्या सुमारास बाथरूममध्ये बादली सरकते, नळ सुटतो, पाणी पोच्यापर्यंत चढतं आणि थांबतं. हे तेव्हा माझ्या खाटेशी खुर्चीवर बसलेले असतात, माझा हात धरून. ते ऐकतात, मी ऐकते. मग ते काठी टेकत जातात. मी सगळा जीव कानात आणून पडून राहते. मोरीचा गटगट आवाज आला, की माझं आजचं निभावलं. सव्वा महिना तो रोज आला. रोज त्यांनी ओतून दिलं. रोज मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

काल संध्याकाळी क्षितिजचा फोन आला. ह्यांनीही तो स्पीकरवर ठेवला होता.

"बाबा, आईचं काही... फरक?"

"काय फरक पडणार? आहे तसंच आहे."

"तुम्हाला एकट्याला झेपतंय ना? भैरवी म्हणत होती, ती खोली तशीच आहे रिकामी. तुमचं मन झालं की..."

"कोणता रंग दिलाय म्हणालास?"

"निंबोणी."

"छान असेल," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, माझ्या डोळ्यांत बघून फोनमध्ये बोलले, "बघू. चालतं आहे तोवर चालवायचं."

आज सहाला बादली सरकली. पाणी टणटणीत पडलं, चढलं, थांबलं. हे उठले. काठी फरशीवर वाजत गेली, बाथरूमच्या दाराशी थांबली. मी मोरीची वाट पाहिली. झरोक्यात पुठ्ठा खरवडत बसवल्याचा आवाज आला. मग नळाची चावी फिरली.

बसक्या आवाजात पाणी पाण्यावर पडत राहिलं. बराच वेळ.

मग काठी परत आली. त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, इतक्या मायेने, की लग्नानंतर कधी सारले नसतील.

"चल सुचित्रा," ते म्हणाले. "पाणी काढलंय."